मामा-मामी, तीन दिवस आणि सांधलेला हत्ती

"भाची डोंबिवलीत घर घेऊन बसलीय आणि आम्ही लॉजवर राहायचं होय?" मामींचा पहिला प्रश्न हा. प्रश्न कसला, आरोपच. मी फोनवर हिशोब मांडला. डोंबिवली ते सीएसएमटी फास्ट लोकलने सव्वा तास धरा. जाऊन येऊन अडीच तास, तीन दिवसांचे साडेसात. त्यात सकाळी साडेसात ते अकरा मुंबईकडे जाणाऱ्या गाडीत आणि संध्याकाळी पाचनंतर परतीच्या गाडीत तुम्हाला चढवायचं कसं? मामींचे गुडघे, मामांचं बायपास. शेवटी मामाच म्हणाले, "अगं, बरोबर बोलतीय पोर. फिरायला जातोय की लटकायला?"

म्हणून सगळ्यात आधी हेच सांगते: मुंबईत तीनच दिवस असतील तर नातेवाईक कितीही प्रेमळ असोत, मुक्काम फोर्टात नाहीतर कुलाब्यात करा. लॉजवाल्याने फोनवर "खिडकीची खोली" सांगितली होती. खिडकी होती. उघडली की हातभर अंतरावर शेजारच्या इमारतीची भिंत. खोली घेताना फोटो खोलीचा मागू नका, खिडकीतून बाहेरचा मागा.

दुसरी गोष्ट वारांची. घारापुरीची लेणी सोमवारी बंद. राणीची बाग आणि तिच्या आवारातलं भाऊ दाजी लाड संग्रहालय बुधवारी बंद. चोरबाजार शुक्रवारी बंद. सोमवार ते बुधवार असा बेत केलात तर दोन दिवस कुलपं बघण्यात जातात. आम्ही डिसेंबरातले शुक्रवार, शनिवार, रविवार धरले.

शुक्रवार

महालक्ष्मी एक्स्प्रेस सकाळी साडेसातच्या आसपास सीएसएमटीला लागली. मामा मिरजेच्या पार्सल ऑफिसातून रिटायर झालेले, उभा जन्म रेल्वेत गेला. या स्टेशनात शंभरदा तरी उतरले असतील. पण कधी साहेबाकडे फाइल घेऊन, कधी ट्रेनिंगला, कधी इस्पितळात. बाहेर येऊन मान वर करून बघितलं होतं का, विचारलं तर म्हणाले, "वेळ कुठला?" मी तरी काय वेगळी? अठरा वर्षं रोज त्याच घुमटाखालून ऑफिस गाठलं, नजर कायम इंडिकेटरवर.

लॉजवर बॅगा टाकल्या. खोली बारानंतर मिळणार होती, पण बॅगा ठेवून घेतात, विचारायला लाजू नका. तोंडं धुतली आणि भुयारी मार्गाने पलीकडे, महापालिकेच्या फुटपाथवर आलो. इमारत बघायची तर इथूनच. एक गफलत माझी झाली. स्टेशनचं तोंड पश्चिमेला, त्यामुळे सकाळी ऊन मागून येतं आणि पुढचा भाग सावलीत काळपट दिसतो. फोटो हवा असेल तर दुपारी तीननंतर यावं. आम्ही संध्याकाळी परत आलोच.

मामांना मात्र उन्हाशी देणंघेणं नव्हतं. त्यांनी सुरुवात केली ती थेट १६ एप्रिल १८५३ पासून. बोरीबंदर ते ठाणे, चौदा डबे, तीन इंजिनं: साहिब, सिंध आणि सुलतान. ते स्टेशन निराळं, साधंसं. ही इमारत फ्रेडरिक स्टीव्हन्सची, काम १८७८ मध्ये सुरू झालं, पुरं व्हायला दहा वर्षं लागली. समोरची पालिकेची इमारतही त्याचीच, १८९३ ची. दगडातली पानं, मोर, माकडं जे. जे. कलाशाळेतल्या विद्यार्थ्यांनी कोरली. मी गेटाच्या खांबांवरचा सिंह आणि वाघ दाखवला. सिंह इंग्लंडचा, वाघ आपला. मामा ऐकत नव्हते. घुमटावरच्या बाईकडे बघत होते. तिच्या एका हातात मशाल आहे हे मला माहीत होतं. मामा म्हणाले, "दुसऱ्या हाताखाली चाक आहे बघ. आऱ्यांचं चाक." होतं की! अठरा वर्षांत माझ्या लक्षात आलं नव्हतं.

नाश्त्याला समोरच्या 'आराम'मध्ये वडापाव आणि पीयूष. मामींचं मत: "वडा बरा हाय, पण चटणी आपल्याकडची तिखट."

तिथून पायी हुतात्मा चौक. चालायला दहा-बारा मिनिटं, मामींच्या गुडघ्यांना वीस. कारंजं १८६४ चं, शेजारी शेतकरी आणि कामगार एकच मशाल धरून उभे. २१ नोव्हेंबर १९५५ ला इथेच संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्चावर गोळीबार झाला. मामांनी चपला काढून नमस्कार केला. ऑफिसला पळणारे दोघे-तिघे बघत होते. मला आधी संकोच वाटला, मग संकोचाचीच लाज वाटली.

आता एशियाटिक लायब्ररी. तिची इमारत म्हणजे टाउन हॉल, १८३३ चा, पुढे तीस पायऱ्या. मामी पाचव्या पायरीवर बसल्या. "तुम्ही या वर जाऊन." त्यामुळे एक बरं झालं, आम्हीही टेकलो. समोर हॉर्निमन सर्कलची गोल बाग आणि तिच्या पलीकडे सेंट थॉमस कॅथेड्रल, १७१८ चं. चर्चगेट स्टेशनाचं नाव या चर्चवरून आलं. मुंबईच्या जुन्या किल्ल्याला, म्हणजे फोर्टाला, तीन दरवाजे होते, त्यातला या चर्चच्या बाजूचा तो चर्चगेट. १८६० च्या दशकात तट पाडले, दरवाजा गेला आणि नाव तेवढं जाऊन स्टेशनाला चिकटलं. फोर्टात राहून "फोर्ट कुठाय?" असं विचारणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला मी हेच सांगते: फोर्ट नाही, पण फोर्टाचा दरवाजा वेस्टर्न लाइनवर आहे.

जेवणाचं घड्याळ ऑफिसात काम करणाऱ्या बाईकडून ऐका. फोर्टात सव्वाबाराला ताटावर बसायचं. एक वाजला की सगळी ऑफिसं खाली उतरतात आणि तुमच्या खुर्चीमागे कुणीतरी उभं राहून तुमचा शेवटचा घास मोजतं. आम्ही 'पंचम पुरीवाला'मध्ये पुरीभाजी खाल्ली. इराणी हॉटेल बघायचं तर ते सकाळी नाहीतर चारच्या चहाला, आणि पाहुणे शाकाहारी असतील तर ब्रून मस्का (कडक पाव आणि लोणी) आणि चहा. केकमध्ये अंडं असतं, मामींना मावा केक भरवून नंतर ते सांगण्याचा मूर्खपणा मी केला. पुढचे दोन तास त्या गप्प होत्या.

दुपारी झोप. हसू नका, हा बेताचा भाग आहे. दोन ते चार मुंबईत ज्येष्ठांना रस्त्यावर ठेवू नये, डिसेंबरातसुद्धा.

साडेचारला ओव्हल मैदान. इथे मात्र वेळ अचूक जमली. मैदानाच्या पूर्वेला हायकोर्ट, राजाबाई टॉवर, विद्यापीठ. सगळ्यांची तोंडं पश्चिमेला. त्यामुळे संध्याकाळचं ऊन समोरून येतं आणि दगड गुळासारखा दिसायला लागतो. त्याच्या बरोबर उलट्या बाजूला पन्नास-साठ वर्षांनी बांधलेल्या आर्ट डेको इमारती, गोल कोपऱ्यांच्या, गॅलऱ्यांना आडव्या पट्ट्या असलेल्या. दोन्ही रांगा मिळून २०१८ मध्ये युनेस्कोच्या यादीत गेल्या. मधल्या मैदानात एकाच वेळी डझनभर क्रिकेटच्या मॅची. कुणाचा फील्डर कुणाच्या पिचवर उभा आहे याचा कुणालाच पत्ता नसतो, तरी कुणी आउट झालं की त्याच्याच मॅचमधले ओरडतात.

राजाबाई टॉवर १८७८ चा, साधारण ८५ मीटर उंच. प्रेमचंद रायचंद या कापसाच्या बड्या व्यापाऱ्याने दोन लाख रुपये दिले, अट एकच, आईचं नाव द्यायचं. आई जैन, सूर्यास्ताआधी जेवायचं, नजर गेलेली. घड्याळाचे टोले ऐकून तिला वेळ कळावी म्हणून टॉवर, असं सांगतात. खरं असो-नसो, मामींचा रुसवा इथे संपला. "असा पोरगा पाहिजे," म्हणाल्या आणि मामांकडे बघितलं. त्यांचा पोरगा बंगळूरला आहे.

अंधार पडल्यावर टॅक्सीने पुन्हा सीएसएमटी. रोषणाई केलेली. इथे लक्षात ठेवा, या भागात रिक्षा नाहीत. रिक्षा माहीम-शीवच्या पलीकडे. इथे काळीपिवळी टॅक्सी, बेस्टची बस नाहीतर पाय. टॅक्सीत बसण्याआधी "मीटरने?" एवढं विचारायचं, नाही म्हणाला तर पुढची.

शनिवार

नऊच्या लाँचने घारापुरी. पावणेनऊला गेटवेवर. पिशव्या मशीनमधून जातात, त्यात पाच मिनिटं जातात. लाँचचं तिकीट जाऊन-येऊनचं काढायचं, परतीचा अर्धा तुकडा जपायचा. वरच्या डेकवर बसायचे वेगळे थोडे पैसे चढल्यावर घेतात, ते द्यावेत. डिसेंबर २०२४ मधल्या लाँचच्या अपघातानंतर लाइफ जॅकेट घालायला लावतात. मामी आधी कुरकुरल्या, साडीवरून कसं दिसेल म्हणून. मामांनी स्वतःचं घातलं आणि त्यांच्याही पट्ट्या आवळल्या.

तासाभराचा प्रवास. थंडीत बाहेरदेशीचे कुरव पक्षी लाँचमागे लागतात, लोक त्यांना गाठी आणि वेफर्स उडवतात. उडवू नये. पण मजा येते हे खरं. मागे वळून बघितलं की गेटवे दिसतं, १९२४ मध्ये पुरं झालेलं. पंचम जॉर्ज १९११ मध्ये येऊन गेला तेव्हा इथे खरी कमान नव्हतीच. आणि २८ फेब्रुवारी १९४८ ला शेवटची इंग्रज पलटण याच कमानीतून बोटीवर चढली. मामा म्हणाले, "यायला उशीर, जायला वेळेवर."

धक्क्यावर उतरल्यावर छोटी गाडी पायथ्यापर्यंत नेते. चालायला फार नाही, पण रेल्वेवाल्या माणसाला गाडीशिवाय नेणार कसं? ग्रामपंचायतीचा छोटा कर, मग वर पुरातत्त्व खात्याचं तिकीट, आपल्याला ४० रुपये. मधे सव्वाशेच्या आसपास पायऱ्या, दोन्ही बाजूंना माळा, टोप्या, काकडी, बोरं. गुडघे दुखत असतील तर डोली मिळते. मामी डोलीत बसेनात. "चौघांच्या खांद्यावर एकदाच जायचं." दर वीस पायऱ्यांना थांबत पाऊण तासात वर पोचलो. माकडांपासून एकच उपाय: हातात खायचं-प्यायचं काही दिसू द्यायचं नाही. माझी सरबताची बाटली गेली. माकडाने टोपण फिरवून उघडली, दातांनी फोडली नाही.

आणि लेणं. बहुतेक लोक आत येतात, समोर त्रिमूर्ती दिसते, फोटो काढतात, दहा मिनिटांत बाहेर. तसं करू नका. उन्हातून आलेल्या डोळ्यांना आत पहिली पाचेक मिनिटं काही दिसतच नाही. खांबाला टेकून उभं राहायचं. हळूहळू अंधारातून साडेपाच मीटर उंचीचे चेहरे पुढे येतात. आपण तिला त्रिमूर्ती म्हणतो, पण ती ब्रह्मा-विष्णू-महेशाची नाही, तिन्ही मुखं शिवाचीच. आपल्या डावीकडे मिशीवाला, रागीट, अघोर. मधे मिटल्या डोळ्यांचा, शांत. उजवीकडे बाईसारखं नाजूक, हातात कमळ. सहाव्या शतकातलं हे काम.

मामी मात्र तिथून सरकून शेजारच्या एका शिल्पापुढे गेल्या आणि तिथेच राहिल्या. शिवपार्वतीचं लग्न, कल्याणसुंदर म्हणतात ते. पार्वतीची मान किंचित खाली. हातपाय बऱ्याच जागी तुटलेले. मामी बराच वेळ काही बोलल्या नाहीत, मग मला जवळ ओढून म्हणाल्या, "उजव्या अंगाला उभी आहे बघ. अजून सप्तपदी व्हायचीय. झाली की डावीकडे जाईल." एका गाइडच्या मागे वीस जणांचा घोळका होता, त्यातल्या दोघी तिघी गाइड सोडून मामींकडे वळल्या. मामींनी मग त्यांना शंकराने तिचा हात कसा धरलाय तेही दाखवलं. मिरजेत चाळीस वर्षं लग्नघरची कामं निस्तरलेली बाई. गाइड घ्यावा का, या प्रश्नाला माझं उत्तर तेव्हापासून बदललंय: घरातली एक वडीलधारी बाई पुरे.

पाणी आणि दुपारचं काहीतरी बरोबर न्यावं, वरच्या हॉटेलांत भाव बेटाचे असतात. स्वच्छतागृह वर आहे, लाँचवर त्याच्या भरवशावर राहू नका. परतीची शेवटची लाँच कितीला ते उतरल्या उतरल्या धक्क्यावर विचारून ठेवावं. आम्ही एकच्याच लाँचने निघालो.

अडीच वाजता जेवून साडेतीनला छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात. हे दोन तासांत बघून होत नाही, तसा हट्टही करू नये. मोठ्या पिशव्या बाहेर ठेवून घेतात. आम्ही फक्त तळमजल्यावरची शिल्पं बघितली, आणि तीही एका कारणासाठी: घारापुरीहून आणलेला ब्रह्मा आणि महिषासुरमर्दिनी इथे आहेत. सकाळी बेटावर आणि दुपारी इथे, एकाच दिवशी बघितलं की लेण्यातल्या रिकाम्या जागा डोक्यात भरून निघतात. उरलेला वेळ मामा बाकावर बसून पाय चोळत होते.

रविवार

रविवार म्हणजे मेगाब्लॉक. बहुतेक रविवारी सकाळी अकराच्या सुमारापासून दुपारी चारपर्यंत कुठल्या तरी लाइनीवर काम चालतं. कुठे ते आदल्या दिवशी पेपरात येतं. बघून घ्या आणि लोकलचं जे काही असेल ते साडेदहाच्या आत उरका. खोली सोडली आणि सामान स्टेशनच्या क्लोकरूममध्ये. तिथे कुलूप नसलेली बॅग घेत नाहीत. मामींच्या कापडी पिशवीचं काय करायचं? मामांनी खिशातून कुलूप आणि छोटी साखळी काढली, दोन्ही बंदांतून ओवली, टिचकन बंद. खिडकीतला माणूस हसला. "स्टाफ का?" मामा म्हणाले, "होतो."

स्लो लोकलने भायखळा. रविवारी सकाळी वेळ कसा भरपूर असतो, विंडो सीट मिळते. राणीच्या बागेत शनिवार-रविवारी पेंग्विनसाठी झुंबड असते, म्हणून उघडताच आत. पेंग्विन आम्ही बघितले नाहीत. आम्ही गेलो हत्तीसाठी.

पोर्तुगीज घारापुरीला उतरले तेव्हा धक्क्याजवळ दगडाचा प्रचंड हत्ती उभा होता, म्हणून त्यांनी बेटाला एलिफंटा म्हटलं. १८६४ मध्ये इंग्रजांनी तो इंग्लंडला न्यायचा घाट घातला, उचलताना क्रेन तुटली आणि हत्तीचे तुकडे झाले. ते तुकडे मुंबईत आणले, १९१४ मध्ये जोडले. तो हत्ती भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या बाजूला उभा आहे. पाटी बघितली नाही तर पोरं त्याला घसरगुंडी समजतील. अंगावर सांधे दिसतात. मामांनी त्यावरून हात फिरवला, पार्सलच्या पेटीची खिळपट्टी तपासावी तसा. "बरा जोडलाय," एवढंच.

याच बागेत काळा घोडाही आहे, खरा, वर सातवा एडवर्ड बसलेला. १९६० च्या दशकात फोर्टातून इकडे हलवला. फोर्टात २०१७ पासून उभा आहे तो नवा, बिनस्वाराचा. मामी म्हणाल्या, "हत्ती बेटावरचा, घोडा फोर्टातला, दरवाजा स्टेशनावर. तुमच्या मुंबईत काही जागच्या जागी आहे का गं?" मी म्हटलं, मी तरी कुठे आहे? माहेर मिरजेचं.

संग्रहालय १८७२ चं, आत मातीच्या छोट्या बाहुल्यांमधून जुन्या मुंबईतले कामधंदे, पगड्या, बलुतेदार. पगड्यांपुढे मामा रमले. डागडुजीसाठी हे अधूनमधून बंद असतं, निघण्याआधी चौकशी करा.

तिथून टॅक्सी, गिरगाव. पणशीकरांकडे साबुदाणा वडा आणि पीयूष. मामींनी दुसऱ्यांदा पीयूष घेतलं. खोताच्या वाडीत चक्कर मारली, लाकडी जिन्यांची, रंगीत कठड्यांची बैठी घरं. तिथे लोक राहतात, खिडकीत मोबाइल खुपसू नये. केशवजी नाईकांची चाळ जवळच, १८९३ चा सार्वजनिक गणपती तिथला. बाहेरूनच हात जोडले.

चारला बाणगंगा. वाळकेश्वरच्या टेकडीवर टॅक्सी अर्ध्यापर्यंत जाते, मग गल्लीतून पायऱ्या उतरायच्या. सीतेला शोधत राम इथे थांबला, तहान लागली, लक्ष्मणाने बाण मारला आणि पाणी आलं, ही कथा. आजचं दगडी तळं १७१५ मध्ये रामा कामत या सारस्वताने बांधलं. समुद्र पलीकडच्या हाकेवर आणि झरा गोडा. काठावर दीपमाळा, बदकं, वाळत घातलेले कपडे, कुणीतरी दहाव्याचे विधी करत असलेलं. चारी बाजूंनी टॉवर. मामी पाण्यात पाय सोडून बसल्या. पाऊणएक तास कुणीच काही बोललं नाही. मी घड्याळ बघत होते, कारण गाडी रात्रीची.

चौपाटीवर भेळ, टिळकांच्या पुतळ्यापाशी. १ ऑगस्ट १९२० ला त्यांना इथेच अग्नी दिला. मग गिरगावहून भुयारी मेट्रो, मधे एकच स्टेशन, की सीएसएमटी. खाली मोबाइलला रेंज मिळेलच असं नाही, तिकीट वरच काढून घ्यावं. मामांना मेट्रो पसंत पडली नाही. "गार्ड कुठाय?" हा प्रश्न त्यांनी तीनदा विचारला.

क्लोकरूममधून सामान घेतलं. पिशवीचं कुलूप काढताना मामा किल्ली शोधत राहिले, पाच मिनिटं. किल्ली मामींच्या पदराच्या गाठीत. गाडी लागली, डब्यात बसवलं, पाण्याच्या बाटल्या दिल्या. खिडकीतून मामी म्हणाल्या, "पुढच्या खेपेला डोंबिवलीलाच उतरणार हं. लॉजबिज काही नको. काही बघायचं नाही, नुसतं बसायचं."

गाडी सुटली. माझी कल्याण फास्ट सहा नंबरवर होती. जाताना, रोजच्यासारखी, इंडिकेटर बघत पळाले.